१४७ पौंडांचा हिशेब : एका वेल्टरवेट बॉक्सरच्या कारकिर्दीतले अठरा दिवस

हे प्रकरण एका व्यावसायिक वेल्टरवेट बॉक्सरचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, ठिकाण आणि साल गाळलं आहे, काही आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. बॉक्सिंगमधली मंडळी हे प्रकरण 'वजन उतरवताना झालेली गडबड' म्हणून सांगतात. मला ते अपुरं वाटतं. या मुलाला सल्ला देणारे कमी नव्हते. पण त्यातल्या एकाला सोडून सगळ्यांना पैसे मिळणार होते ते तो रिंगमध्ये उतरला तरच, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीशी जोडलेलं आहे.

पार्श्वभूमी

हौशी बॉक्सिंगमध्ये तो ६४ किलो गटात खेळायचा. बाविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. डावखुरा, उंची १८० सेंटीमीटर, लांब आणि नेमका जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), पायांची चाल चांगली. ठोसा फार जड नव्हता. तो लढती जिंकायचा त्या अंतर राखून आणि गुण गोळा करून. अशा बॉक्सरचं भांडवल म्हणजे पाय. हे लक्षात ठेवायला हवं, कारण वजन उतरवण्यात सगळ्यात आधी जातात ते पायच.

सुरुवातीच्या लढती चार आणि सहा फेऱ्यांच्या, बहुतेक 'जर्नीमन', म्हणजे नवख्यांसमोर उभ्या केल्या जाणाऱ्या अनुभवी बॉक्सरांविरुद्ध. हे लोक हरण्यासाठीच बोलावले जातात असा समज आहे, पण चांगला जर्नीमन नवख्याला क्लिंच (मिठी घालून अडकवणं), खांद्याचा रेटा, रेफरीच्या नजरेआडचं कोपर असं सगळं शिकवून जातो. विसाव्या लढतीपर्यंत नोंद होती १९ विजय, एक बरोबरी, पराभव नाही. त्या शून्याला बाजारात भाव असतो. प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, तो जपतो, आणि नेमक्या वेळी तोच पणाला लावतो.

वेल्टरवेटची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.६८ किलो. खालच्या गटाची १४० पौंड (६३.५ किलो), वरच्या गटाची १५४ (६९.८५ किलो). बाविसाव्या वर्षी वेल्टरवेटला उतरायला त्याला चार-साडेचार किलो कमी करावे लागत, आणि ते लढतीआधीच्या आठ आठवड्यांच्या सराव कॅम्पमध्ये आरामात होई. पण तो वाढत होता. त्याच्या स्ट्रेंथ ट्रेनरची एक वही मी पाहिली आहे. प्रत्येक लढतीच्या आठवड्यातल्या सोमवारचं, सकाळी उपाशीपोटी घेतलेलं वजन त्यात लिहिलेलं असे. सहावी लढत : ६९.४. अकरावी : ७०.६. पंधरावी : ७१.८. विसावी : ७२.९. शुक्रवारी या प्रत्येक वेळी काटा ६६.६८ च्या आत होता. म्हणजे शेवटच्या चार-पाच दिवसांत उतरवायचं पाणी पावणेतीन किलोंवरून सव्वासहा किलोंवर गेलं होतं. वही सगळ्यांना दिसत होती. तिच्यावर चर्चा करायची बैठक मात्र कधी झाली नाही, कारण मुलगा जिंकत होता.

आता पैशाची बाजू. पर्सचे, म्हणजे लढतीच्या मानधनाचे, शंभर भाग धरले तर पंचवीस मॅनेजरला, दहा कोचला, दोन कटमॅनला (फेऱ्यांच्या मधे जखमा सांभाळणाऱ्याला) जात. मॅनेजरचा वाटा एक तृतीयांशापर्यंत चालतो, त्यामुळे पंचवीस हा सौम्यच आकडा. कॅम्पचा खर्च त्याच्या खिशातून : स्पॅरिंग (सरावाच्या लढती) करणारे पार्टनर, वैद्यकीय चाचण्या, राहणं, जेवण. तो साधारण वीस भाग खाई. करापूर्वी हातात उरत चाळीसेक भाग, तेही वर्षातून तीन वेळा. दोन लढतींच्या मधे उत्पन्न शून्य, म्हणून तो प्रमोटरकडून पुढच्या पर्सवर उचल घ्यायचा. विसाव्या लढतीनंतर त्याच्या डोक्यावरची उचल त्याच्या नेहमीच्या दोन पर्सइतकी झाली होती.

प्रमोटरशी करार तीन वर्षांचा. त्यात एक नेहमीचंच कलम होतं : दुखापत, वैद्यकीय बंदी किंवा दिलेली लढत नाकारणं यामुळे गेलेला काळ कराराच्या मुदतीत धरला जाणार नाही. सही करताना अशा कलमाकडे सहसा कोणी पाहत नाही.

अडचण

तो एकोणतीस वर्षांचा असताना एका सकाळी मॅनेजरचा फोन आला. एका मान्यताप्राप्त संघटनेच्या विजेतेपदाची एलिमिनेटर लढत ठरलेली होती. जिंकणारा अधिकृत आव्हानवीर होणार होता. दोघांतल्या एकाचा हात स्पॅरिंगमध्ये मोडला, आणि त्याच्या जागी याला विचारलं जात होतं. लढतीला अठरा दिवस उरले होते. पर्स त्याच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पर्सच्या चौपट.

त्या सकाळी त्याचं वजन ७७.१ किलो होतं. रोजचं धावणं चालू होतं, पण खरं स्पॅरिंग थांबून पाच आठवडे झाले होते. सतरा दिवसांत साडेदहा किलो उतरवायचे, त्याच काळात धार परत आणायची आणि मग बारा फेऱ्या खेळायच्या.

ज्यांनी वेट कट, म्हणजे लढतीआधी वजन उतरवणं, जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. या साडेदहा किलोंत चरबीचा भाग फार तर दोन-अडीच किलो. थोडा भाग आतड्यातलं अन्न. तंतुमय पदार्थ बंद केले की तो उतरतो. थोडा स्नायूंतला ग्लायकोजेन, जो आपल्यासोबत अंदाजे तिप्पट पाणी धरून ठेवतो. बाकी सगळं शुद्ध पाणी. शेवटच्या दिवसांत ते गरम पाण्याच्या टबात बसून, घाम काढणारा सौना सूट घालून, पाणी न पिता काढायचं. लांबच्या कॅम्पमध्ये चरबी हळूहळू जाते आणि पाण्याचा वाटा लहान राहतो. दिवस कमी असले की चरबीचा वाटा तेवढाच लहान होतो आणि उरलेलं सगळं पाण्यावर येतं. रक्तातलं पाणी घटलं की हृदय त्याच कामासाठी जास्त ठोके मारतं, आणि ग्लायकोजेन भरून यायला एक रात्र पुरत नाही.

पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी घेत. १९८० च्या दशकात ते आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रुळली. हेतू असा, की बॉक्सरला पाणी भरून काढायला वेळ मिळावा. झालं उलटंच. वेळ मिळतो म्हटल्यावर लोक जास्त पाणी काढू लागले. यावर उपाय म्हणून आयबीएफ (आयबीएफ आणि डब्ल्यूबीसी या विजेतेपदं देणाऱ्या संघटना) आपल्या विजेतेपदाच्या लढतींत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेते आणि मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून जास्त वाढ चालवून घेत नाही. डब्ल्यूबीसी तीस दिवस आधी वजन पाहते. तेव्हा ते मर्यादेच्या दहा टक्क्यांहून वर असू नये, म्हणजे वेल्टरवेटला साधारण ७३.३ किलो. नियम चांगला आहे, पण अठराच दिवस आधी बोलावलेल्या बदली खेळाडूसाठी तो तीस दिवसांचा टप्पाच उरत नाही. आणि सर्वांत धोकादायक वेट कट नेमके बदली खेळाडूच करतात.

पर्याय

त्याच संध्याकाळी जिममागच्या खोलीत बैठक झाली. मॅनेजर, कोच, स्ट्रेंथ ट्रेनर आणि तो स्वतः. प्रमोटरचा माणूस फोनवर. डॉक्टर नव्हता, त्याला बोलवावं असं कोणाला सुचलंही नाही.

नकार देण्याचा पर्याय सगळ्यात लवकर निकालात निघाला. नकार दिला तर कराराचं घड्याळ थांबणार, उचल तशीच राहणार, आणि क्रमवारीत त्याच्याखालचा कोणीतरी ती जागा घेणार. अशी संधी पुन्हा केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

मॅनेजरने कॅचवेट, म्हणजे गटाच्या मर्यादेऐवजी दोघांनी आपसात ठरवलेलं वजन, मागून पाहिलं : १५० पौंड. हे त्याचं काम होतं आणि त्याने ते नीट केलं. पण एलिमिनेटर असल्यामुळे दोघांनाही गटाच्या मर्यादेतच यावं लागणार होतं. १५० ला खेळायचं तर लढतीचा एलिमिनेटरचा दर्जा जाणार, आणि मग समोरच्याला त्यात काही रस नव्हता. तारीख तीन आठवडे पुढे ढकलण्याची विनंती प्रक्षेपणामुळे फेटाळली गेली.

राहिला होकार. त्यात एक पोटपर्याय होता : होकार द्यायचा, पण वजनाच्या मागे मरायचं नाही. १४९-१५० ला आलो तर दंड भरायचा (करारानुसार पर्सच्या वीस टक्के), जिंकल्यावर आव्हानवीराचा हक्क सोडायचा, आणि निदान शरीर शाबूत ठेवायचं. समोरच्याने तरीही खेळायचं मान्य केलं तरच हे जमलं असतं, पण इतकं प्रक्षेपण ठरलेलं असताना तो मागे हटला असता असं वाटत नाही. हा पर्याय स्ट्रेंथ ट्रेनरने मांडला. त्याला महिन्याचा ठराविक पगार होता. खोलीतल्या माणसांत पर्समध्ये वाटा नसलेला तो एकटाच, हा मला योगायोग वाटत नाही. त्याच्या बोलण्यावर मॅनेजर म्हणाला, की दंड भरून जिंकलास तरी हाती काही लागणार नाही. यात खोटं काही नव्हतं. फक्त, मॅनेजरचं नफा-नुकसान आणि बॉक्सरचं नफा-नुकसान इथे एकसारखं नव्हतं.

कोच बहुतांश वेळ गप्प होता. शेवटी मुलाकडे पाहून त्याने विचारलं, तुला काय वाटतं? अवघडातला अवघड निर्णय हा असा खेळाडूवर सोपवला की तो आदर वाटतो. पण एकोणतीस वर्षांचा अपराजित बॉक्सर या प्रश्नाला 'नको' म्हणेल, असं कोण समजतं?

घेतलेले निर्णय

पहिल्या अकरा दिवसांत वजन ७२.४ वर आलं. त्यासाठी पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद होते, त्यामुळे स्पॅरिंग जेमतेम झालं. ठरवलेल्या चाळीस फेऱ्यांतल्या बावीस. शेवटच्या आठवड्यात आधी पाणी खूप वाढवलं, मग एकदम तोडलं. वेट-इनच्या, म्हणजे अधिकृत वजन घेण्याच्या, आदल्या रात्री तो ६९.१ वर अडकला. रात्री दोनदा गरम टब, मधे टॉवेलमध्ये गुंडाळून झोपवणं. दुसऱ्या टबानंतर उठताना तो भिंतीला धरून उभा राहिला. सकाळी घामच येईना. थांबायला हवं, याचं यापेक्षा स्पष्ट लक्षण शरीर देत नाही. तेव्हा काय केलं? सौना सूट घालून दोरीवरच्या उड्या, आणि तोंडात आंबट गोळी ठेवून बाटलीत थुंकणं.

पहिल्यांदा काटा ६७.० वर थांबला. तीनशे ग्रॅम जास्त. दोन तासांची मुदत मिळाली. दुसऱ्यांदा ६६.६.

नंतर पाणी भरून काढणं तोंडानेच. सलाइन लावून मोकळं होण्याचा जुना मार्ग आता बंद आहे. बारा तासांत १०० मिलीलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांत बसत नाही, वैद्यकीय गरज सोडून. पहिल्या दोन तासांत त्याला उलटी झाली. रात्री उशिरा थोडा भात खाल्ला. लढतीच्या संध्याकाळी वजन ७३.२ होतं आणि खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. काट्यावरचा आकडा परत आला म्हणजे माणूस परत आला, असं त्यांनी धरलं. मेंदू आणि स्नायू पूर्ववत व्हायला काट्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पहिल्या पाच फेऱ्या त्याच्या होत्या. जॅब लागत होता, समोरचा गोंधळला होता. सहाव्या फेरीत प्रतिस्पर्ध्याने डोकं सोडून बरगड्या धरल्या. सातव्याच्या शेवटी आमचा बॉक्सर स्टुलावर बसला तो धपकन. आठव्यात उजवा हात जॅब मारून हनुवटीपर्यंत परत न येता छातीशीच थांबू लागला.

आठव्या आणि नवव्या फेरीमधला तो एक मिनिट या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णयाचा क्षण. कोचने त्याला दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं उशिरा आली. लढत थांबवण्याचा विचार मनात आला होता, असं कोचने नंतर सांगितलं. पण त्याच्या हिशेबाने मुलगा गुणांवर पुढे होता. तो हिशेब बरोबर होता. तिन्ही गुणपत्रिका ७७-७५ अशा त्याच्याच बाजूने होत्या. पुढे असलेल्या बॉक्सरला थांबवणं कॉर्नरला (रिंगबाहेरच्या त्याच्या माणसांना) जवळजवळ अशक्य वाटतं. नवव्या फेरीत एक सरळ उजवा ठोसा आत आला. तो पडला, आठच्या मोजणीला उठला, आणि पुढच्या भडिमारात रेफरीने लढत थांबवली.

निकाल

साठ दिवसांची वैद्यकीय बंदी. डोकेदुखी तीन आठवडे टिकली. एमआरआय स्वच्छ आला आणि सगळे खूश झाले, पण स्वच्छ एमआरआयचा अर्थ मेंदूत रक्तस्राव नाही एवढाच. कन्कशन, म्हणजे ठोशाने मेंदूला बसलेला धक्का, त्यात दिसत नाही.

प्रमोटरने दहा आठवड्यांनी पुनरागमनाची लढत देऊ केली, पुन्हा १४७ ला. इथे वेल्टरवेटच्या इतिहासातलं एक पान आठवतं. बेनी पॅरेट हा वेल्टरवेट विजेता डिसेंबर १९६१ मध्ये वरच्या गटात जीन फुलमरशी खेळला आणि जबर मार खाऊन दहाव्या फेरीत हरला. मार्च १९६२ मध्ये तो एमिल ग्रिफिथविरुद्ध पुन्हा वेल्टरवेटला उतरला. बाराव्या फेरीनंतर तो शुद्धीवर आलाच नाही; दहा दिवसांनी गेला. दोष रेफरीला दिला गेला. मधल्या साडेतीन महिन्यांबद्दल त्या मानाने कमी बोललं गेलं.

या वेळी आमच्या बॉक्सरने डॉक्टरला स्वतः गाठलं, स्वतःच्या पैशाने, मॅनेजरला न सांगता. डॉक्टरने दोन गोष्टी सांगितल्या : सहा महिने डोक्याला ठोसा नाही, आणि १४७ पुन्हा नाही. त्याने दहा आठवड्यांची लढत नाकारली. कराराचं घड्याळ थांबलं.

मग १५४. वर जाणं म्हणजे सुटका, असं बाहेरून वाटतं. टॉमी हर्न्स १९८१ मध्ये वेल्टरवेटला शुगर रे लेनर्डकडून हरला आणि १९८२ मध्ये विल्फ्रेड बेनितेझला हरवून १५४ पौंडांचं विजेतेपद घेऊन बसला. पण हर्न्स सहा फूट एक इंच होता आणि त्याचा उजवा हात कोणत्याही गटात चालला असता. इथे परिस्थिती वेगळी. बऱ्याच ठिकाणी वेल्टरवेटपर्यंत आठ औंसाचे ग्लव्ह्ज, त्यावर दहा औंसाचे. मुळात हलका असलेला ठोसा आणखी हलका झाला. समोरचे लोक खांद्याने रुंद. क्रमवारीतली जागा नव्या गटात सोबत येत नाही, ती शून्यापासून. पाय मात्र परत आले. दहाव्या फेरीत तो पहिल्या फेरीसारखा हलत होता, आणि असा तो चार-पाच वर्षांत दिसला नव्हता.

१५४ ला तीन लढती : दोन विजय, एक पराभव गुणांवर. पर्स छोट्या. उचल फिटली. थांबलेल्या घड्याळाचे महिने मोजून करार संपला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. नव्या कराराचा प्रस्ताव होता. त्याने सही केली नाही. आता एका जिममध्ये ठराविक पगारावर शिकवतो. तपासण्यांत आजवर काही वाईट निघालेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

लोक म्हणतात, लढत घ्यायलाच नको होती. मी इतक्या ठामपणे म्हणणार नाही. ७७ किलो वजन आणि डोक्यावर दोन पर्सची उचल अशा स्थितीत फोन आला, तर होकार हा मूर्खपणा नव्हता. तो त्या स्थितीत कसा पोचला, हे जास्त तपासायला हवं. १९८० च्या जूनमध्ये लेनर्डला हरवल्यावर रोबेर्तो दुरानचं वजन बेसुमार वाढलं, आणि लेनर्डच्या गोटाने नोव्हेंबरमध्येच परतीची लढत ठरवून तेच हेरलं. म्हणजे कमी दिवसांची सूचना हा समोरच्याच्या हातातला डावही असतो. वेल्टरवेटमध्ये राहायचं ठरवलं असेल, तर दोन लढतींच्या मधलं वजन ७३ च्या आसपास ठेवणं हा कॅम्पचाच भाग. ते जमत नसेल तर गट बदलायचा.

तो बदल पंधराव्या लढतीनंतर व्हायला हवा होता. वहीतला ७१.८ चा आकडा तेच सांगत होता. तेव्हा तो अपराजित होता, सत्तावीसचा होता, नव्या गटात दोन वर्षं उभं राहायला वेळ होता. हरल्यानंतर गट बदलणारा आणि जिंकत असताना बदलणारा, यांना मिळणाऱ्या लढती आणि पर्स वेगवेगळ्या असतात. विरुद्ध बाजूही आहे : तेव्हा तो १४७ च्या क्रमवारीत पहिल्या पंधरात येत होता, आणि ती जागा सोडायला मॅनेजरला पटवणं सोपं नव्हतं.

त्या संध्याकाळच्या बैठकीत डॉक्टर हवा होता, आणि त्याचं शुल्क लढत होवो न होवो ठराविक हवं होतं. दंड भरून खेळण्याचा पर्याय नीट मोजला गेला असता. वीस टक्के दंड वजा जाऊनही ती त्याची तोवरची सर्वांत मोठी पर्स होती, आधीच्या सर्वांत मोठ्या पर्सच्या जवळजवळ सव्वातीन पट. हा गुणाकार कोणी कागदावर केला नाही.

कॉर्नरसाठी लढतीआधी ठरवलेली अट हवी होती : दोन प्रश्नांची उत्तरं उशिरा आली की लढत थांबते, गुणपत्रिका काहीही असो. कटमॅन किंवा दुसरा सहायक यांपैकी एकाला तो अधिकार लेखी द्यायचा. एका मिनिटात, हजारो लोकांच्या गोंगाटात, सात वर्षं ज्याला वाढवलं त्याच्याबद्दल कोचने नव्याने विचार करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि करार. अठ्ठावीस दिवसांहून कमी सूचनेची लढत नाकारली तर मुदत लांबणार नाही, एवढी एक ओळ त्यात असती तर त्या बैठकीत 'नको' हा खराखुरा पर्याय राहिला असता. प्रमोटर ती ओळ देतात, पण केव्हा मागितली यावर ते ठरतं. अकराव्या लढतीच्या सुमारास हा करार झाला तेव्हा आणखी दोन प्रमोटर त्याच्या मागे होते, आणि ती मागणी मान्य झाली असती. मॅनेजरने त्याऐवजी सहीची रक्कम वाढवून घेतली, ज्यातले पंचवीस टक्के त्याचे होते.